'श्यामची आई' पुन्हां वाचतांना

गेल्या दिवाळीच्या सुट्टींत आमच्या घरीं एक लहानसा तंटा झाला. आमच्या चिरंजीवांनीं, वय वर्षें बारा, पानांतील दुध्या भोपळ्याची भाजी बाजूस सारली, आणि आम्हीं पालकवर्गाच्या नित्याच्या चालीस अनुसरून त्यांस श्यामचा दाखला दिला. श्यामच्या घरीं अळणी भाजी देखील मुकाट्यानें खाल्ली गेली, असें आम्ही मोठ्या अधिकारवाणीनें म्हणालों. चिरंजीव त्याच आठवड्यांत तें पुस्तक वाचीत होते. त्यांनीं क्षणभर विचार करून उत्तर दिलें, "श्यामनें चोरी केली होती. तो न सांगतां पळून गेला होता. पोहायला जावें लागूं नये म्हणून तो लपून बसला होता. मीं यांतलें कांहींच केलेलें नाहीं."

यावर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. मुलाचें म्हणणें उद्धट होतें, परंतु खोटें नव्हतें. त्या रात्रीं निजानीज झाल्यावर आम्हीं कपाटाच्या तळांतून आपली जुनी प्रत बाहेर काढली. शाळेंत असतांना बक्षीस मिळालेली ती प्रत. खाकी कागदाचें वेष्टण, कांहीं पानें कसरीनें खाल्लेलीं, आणि पहिल्या पानावर आमच्याच बाळबोध अक्षरांत लिहिलेलें आमचें नांव. पस्तीस वर्षांनीं तें पुस्तक आम्ही पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हां वाचलें. त्या वाचनांत जें दिसलें, तें आमच्या विद्यार्थी वाचकांपुढें, आणि विशेषतः त्यांच्या वडीलधाऱ्यांपुढें, मांडावें असें वाटतें.

सानेगुरुजींचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजीं कोंकणांतील पालगड या गांवीं झाला. १९२४ पासून १९३० पर्यंत ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलांत शिक्षक होते. पुढें नोकरी सोडून ते सत्याग्रहांत पडले आणि तुरुंगांत गेले. 'श्यामची आई' त्यांनीं १९३३ च्या फेब्रुवारींत नाशिकच्या तुरुंगांत लिहावयास घेतली व तिचा बहुतेक भाग अवघ्या पांच दिवसांत लिहून काढला. पुस्तक प्रसिद्ध झालें १९३५ सालीं. १९५३ मध्यें आचार्य अत्रे यांनीं त्यावर बोलपट काढला, आणि राष्ट्रपतींच्या सुवर्णपदकाचा पहिला मान त्याच बोलपटास मिळाला. ही माहिती शाळेंतील बहुतेक मुलांस पाठ असते. आम्हांसही होती. परंतु तिच्यांतील एक साधी गोष्ट मात्र या वेळीं प्रथमच ध्यानांत आली. गुरुजींची आई १९१७ सालीं वारली. तेव्हां ते सतरा वर्षांचे होते. पुस्तक लिहितांना ते तेहतीस वर्षांचे होते. म्हणजे आपण ज्यास मुलांचें पुस्तक म्हणतों, तें एका प्रौढ माणसानें सोळा वर्षांपूर्वीं गेलेल्या आईकडे मागें वळून पाहत लिहिलें आहे. पुस्तकाची रचनाही तशीच आहे. मोठा झालेला श्याम संध्याकाळची प्रार्थना झाल्यावर आश्रमांतील सोबत्यांस एकेक रात्र आपल्या आईची हकीकत सांगतो. अशा बेचाळीस रात्री. ऐकणारीं सर्व मुलें नव्हेत, आणि सांगणारा तर मूल मुळींच नव्हे.

हें एकदां लक्षांत आलें म्हणजे आमच्या चिरंजीवांच्या उत्तराचा अर्थ लागतो. श्याम आपले गुण सांगत नाहीं. तो आपले अपराध एकामागून एक मोजतो, आणि प्रत्येक अपराधापाशीं आई काय बोलली अथवा काय न बोलली तें सांगतो. पुस्तकें वाचून मोठें व्हावें या हव्यासानें त्यानें पैसे चोरले, हें त्यानें लपवून ठेवलें असतें तर कोणास कळलें असतें? हा कबुलीजबाब आहे. त्याचा आपण कायदा केला. ज्या मुलानें स्वतःला कधींच आदर्श म्हटलें नाहीं, त्यास आदर्शाच्या चौथऱ्यावर चढवून आपण आपल्या मुलांच्या अंगावर सोडतों, आणि मग मुलें त्या पुस्तकापासून दूर पळतात याचें आश्चर्य करीत बसतों.

आतां अळणी भाजीकडे वळूं. लहानपणीं ती गोष्ट आम्हांस गमतीची वाटे. आई भाजींत मीठ घालावयास विसरते. वडील कांहीं न बोलतां जेवतात, उलट भाजीची वाखाणणीच करतात. आणि सर्वांचीं जेवणें आटोपून आई पानावर बसते तेव्हां तिला खरा प्रकार कळतो. वर्गांत त्याचें तात्पर्य आम्हांस सांगितलें गेलें होतें कीं, पानांतील अन्नास नांवें ठेवूं नयेत. तात्पर्य चुकीचें नाहीं. पण तें फारच लहान आहे. या खेपेस आम्ही त्या पानाशीं बराच वेळ थांबलों. आई सर्वांच्या मागून जेवते, म्हणून तिची चूक तिला सर्वांच्या मागून कळते. ही त्या घरची नव्हे, त्या काळच्या बहुतेक घरांची रीत होती, आणि आमच्या आईचीही होती. आणि दुसरें असें कीं, त्या वडिलांपाशीं बायकोला देण्यासारखें फारसें कांहीं उरलेलें नव्हतें. दागिने नव्हते, नवें लुगडें नव्हतें. जेवतांना न बोलणें एवढें एकच देणें त्यांच्या हातीं होतें, आणि तें त्यांनीं दिलें. बारा वर्षांच्या मुलाला हें कसें दिसावें? आम्हांस दिसावयास संसाराचीं वीस वर्षें लागलीं.

दुसरी अशीच एक गोष्ट. स्नान झाल्यावर पायांस माती लागूं नये म्हणून श्याम हट्ट धरतो, आणि आई आपलें लुगडें धोंडीवर पसरून त्यावर त्याला पाय ठेवूं देते. मग सांगते कीं, पायांस जसा जपतोस तसा मनास जप. हें वचन आम्हीं निबंधांत कितीदां वापरलें असेल, याची गणती नाहीं. पण ओल्या अंगानें वांकून स्वतःचें लुगडें पसरणारी ती बाई आमच्या निबंधांत कधींच आली नाहीं.

पुस्तकाचा उत्तरार्ध लहानपणीं आम्ही घाईघाईनें उलटीत असूं. तेथें खेळ नाहीं, गाय नाहीं, दिवाळी नाहीं. तेथें कर्ज आहे. एकेकाळीं खोतीचें म्हणून मान असलेलें घर, मग भाऊबंदकी, वाटणी, स्वतःची लहानशी मातीची झोंपडी, आणि मग सावकार. एका रात्रीचें नांवच मुळीं तेल आहे तर मीठ नाहीं असें आहे. सावकाराचा माणूस दारांत येऊन नाहीं नाहीं तें बोलतो. पुढें जप्तीची पाळी येते. लहानपणीं आम्ही आईच्या आजारपणाशीं रडलों होतों. या वेळीं आमचे डोळे त्यापूर्वींच भरून आले, आणि ते वडिलांसाठीं. दारांत उभ्या असलेल्या माणसापुढें मान खालीं घालून बसलेला गृहस्थ, आणि आंत सर्व ऐकू जात आहे हें त्यास ठाऊक असणें. याहून कठीण शिक्षा कोणत्या कायद्यांत आहे?

येथें आमची स्वतःची एक गोष्ट सांगणें भाग आहे. आम्ही पांचव्या-सहाव्या इयत्तेंत असतांना आमच्या वडिलांनीं कोपऱ्यावरच्या वाण्याच्या दुकानावरून जाणें एकाएकीं सोडलें. ते पाठीमागच्या बोळानें घरीं येत. सामान आणावयास आम्हांस पाठविलें जाई, आणि वाणी वहींत लिहून घेऊन सामान देई. कधीं कधीं देत नसे. आम्हांस त्या बोळांतील चिखलाचा राग येई, आणि वडिलांच्या या विक्षिप्तपणाचा त्याहून अधिक. त्याच वर्षीं हें पुस्तक आम्हांस बक्षीस मिळालें होतें. त्याच प्रतींत कर्जाचीं तीं पानें होतीं. आम्हीं तीं वाचलींही असतील. पण श्यामचे वडील आणि आमचे वडील यांची गांठ आमच्या मनांत कधीं पडलीच नाहीं.

पुस्तकाचें गुणगान करतांना त्यांतील खटकणाऱ्या गोष्टी झांकणें बरें नव्हे. गुरुजींनीं स्वतः झांकलेल्या नाहींत. अस्पृश्य मानलेल्या समाजांतील एका वृद्ध स्त्रीची लांकडांची मोळी खालीं पडते. तिला हात लावावयास कोणी पुढें येत नाहीं. श्यामची आई श्यामला सांगते कीं, जा, तिला मोळी उचलूं लाग, आणि मग येऊन स्नान कर. लहानपणीं आम्हीं फक्त मोळी पाहिली होती. आज तें स्नान डोळ्यांत खुपतें. आईची दया खरी होती, आणि विटाळाची समजूतही तिच्या मनांत तितकीच खरी होती. दोन्ही एकाच वाक्यांत, एकाच श्वासांत. गुरुजींना तें स्नान गाळून टाकणें सहज शक्य होतें. त्यांनीं तें राहूं दिलें. आणि १९४७ च्या मे महिन्यांत, पंढरपूरचें विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानलेल्या बांधवांस खुलें व्हावें म्हणून याच श्यामनें प्राण पणास लावून उपोषण केलें. आईनें जेथवर आणून सोडलें तेथून मुलगा पुढें चालत गेला. आईची आज्ञा पाळणें याचा हाही एक अर्थ असूं शकतो, आणि तो पुस्तकाबाहेर, गुरुजींच्या चरित्रांत वाचावा लागतो.

पोहण्याच्या भीतीनें लपून बसलेल्या श्यामला आई मारते, तीही गोष्ट अशीच. मुलगा भित्रा निघूं नये या तळमळीनें ती मारते, आणि मागाहून तिचेच डोळे भरून येतात. आजचे पालक त्या माराचें समर्थन करणार नाहींत. आम्हीही करीत नाहीं. परंतु मागाहूनच्या अश्रूंवरून मार योग्य होता असें सिद्ध होत नाहीं, त्याचप्रमाणें मारावरून तिची माया खोटी होती असेंही सिद्ध होत नाहीं. अश्रूंवरून आठवलें. या पुस्तकांत रडणें फार आहे, ही तक्रार जुनी आहे आणि ती अगदींच निराधार नाहीं. सलग वाचतांना आम्हांसही दोन-तीन ठिकाणीं वाटलें कीं, गुरुजींनीं येथें लेखणी थोडी आंवरली असती तर बरें झालें असतें. रोज एक रात्र वाचली कीं ही तक्रार पुष्कळ कमी होते.

गुरुजींनीं मुलांसाठीं पुष्कळ लिहिलें, आणि त्यांतील कांहीं परदेशच्या साहित्यावरून. 'मनूबाबा' नांवाचें त्यांचें पुस्तक लहानपणीं आमच्या फार आवडीचें होतें. तो विणकर आम्हांस आमच्याच मुलखांतील वाटे. पुढें कॉलेजांत जॉर्ज इलियट या इंग्रज लेखिकेची 'सायलस मार्नर' ही कादंबरी हातीं आली, आणि चार-पांच प्रकरणांतच आम्हांस कळून चुकलें कीं, या म्हाताऱ्याशीं आपली जुनी ओळख आहे. तेव्हां किंचित् फसविल्यासारखें वाटलें होतें. आज वाटतें कीं, असें फसविणारे आणखी चार लेखक मराठींत हवे होते.

तर आमचें म्हणणें इतकेंच कीं, वडीलधाऱ्यांनीं 'श्यामची आई' मुलांच्या हातीं देण्यापूर्वीं एकदां स्वतः वाचावी. पूर्वीं वाचली आहे ही सबब ऐकूं नये; पूर्वीं ज्यानें वाचली तो मनुष्य आतां राहिलेला नाहीं. पाठ्यपुस्तकांत एकादा वेंचा येतो, त्याखालीं प्रश्न असतात, आणि प्रश्नांचीं उत्तरें दिलीं कीं पुस्तक संपलें असें मुलांस आणि आपणांसही वाटूं लागतें. शिवाय छडीप्रमाणें हें पुस्तक मुलांवर उगारूं नये. ज्या घरीं मुलाची श्यामशीं तुलना होते, त्या घरीं मुलानें पालकांची श्यामच्या आई-वडिलांशीं तुलना केली तर काय होईल, याचा विचार आम्हीं त्या दिवाळीपूर्वीं केला नव्हता.

सध्यां आमच्या घरीं जेवणानंतर हें पुस्तक मोठ्यानें वाचलें जातें. एक दिवस आम्ही वाचतों, एक दिवस चिरंजीव. भोपळ्याची भाजी त्यांस अद्याप आवडत नाहीं, व तो विषय आम्हीं सोडून दिला आहे. परवां कर्जाची रात्र त्यांच्या वांट्यास आली. त्यांनीं ती अडखळत वाचली, आणि मिटलेल्या पुस्तकावर हात ठेवून विचारलें, "बाबा, आजोबांवर कधीं कर्ज होतें?"

होतें, असें आम्हीं सांगितलें, आणि वाण्याच्या दुकानाची व मागच्या बोळाची हकीकतही सांगितली. मग त्यांनीं विचारलें, "मग तें फिटलें केव्हां?"

आम्हांस तें ठाऊक नाहीं. आमचे वडील जाऊन अकरा वर्षें झालीं, आणि आम्हीं त्यांना कधीं विचारलेंच नव्हतें.