गोळी, तूप आणि शेवटून दुसरा बाक

झालं असं की मागच्या शनिवारी ताईकडे जेवायला गेलो होतो. भाचा तिसरीत आहे. त्याच्या ताटात कोरडी पोळी, वरणभातावर तुपाचा थेंब नाही. विचारलं तर ताई म्हणाली, "अरे, वजन वाढतंय त्याचं. तूप बंद केलंय." आणि जेवण झाल्यावर त्याच ताईने फ्रीजमधून बाटली काढून त्याला माशाच्या तेलाची पिवळी गोळी दिली. मेंदूसाठी! म्हणजे एका हाताने स्निग्ध पदार्थ काढून घ्यायचे आणि दुसऱ्या हाताने तेच कॅप्सूलमध्ये भरून, कैक पट पैसे मोजून परत द्यायचे. बरं, हे घर असं की अंड्याचा तवा वेगळा, तो सुद्धा बाल्कनीत. मासा मात्र गोळीतून थेट देवघराशेजारच्या फ्रीजमध्ये!

आता कबूल करतो, ती बाटली मीच आणलेली. ऑनसाइटहून परत येताना ताईची लिस्ट आली होती. शाळेची तक्रार होती की लक्ष नसतं, फळ्यावरचं उतरवून घेत नाही, चुळबुळ करतो. मी काही न विचारता चार बाटल्या बॅगेत टाकल्या. ऑफिसमध्ये कुणी "हे लावलं की सर्व्हर फास्ट होईल" म्हणालं तर मी आधी आकडे मागतो. इथे मागितले नाहीत.

मंडळी, मेंदूला स्निग्ध पदार्थ लागतात यात वाद नाही. पाणी वगळलं तर मेंदूच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग तोच. मज्जातंतूंवर मायलिनचं वेष्टण असतं, आपल्या केबलवरच्या इन्सुलेशनसारखं, तेही बहुतांश स्निग्धच. आईच्या दुधातली जवळजवळ निम्मी ऊर्जा स्निग्धांशातून येते, ती उगाच नाही. डीएचए हे ओमेगा-३ मेंदूत आणि डोळ्याच्या पडद्यात भरपूर असतं. इथपर्यंत सगळं खरं. पण "मेंदूत अमुक आहे, म्हणून अमुक खाल्लं की मेंदू वाढतो" ही उडी कुठून आली? रॅममध्ये सिलिकॉन असतं म्हणून कुणी लॅपटॉपवर वाळू ओतत नाही.

या उडीची परीक्षा झालेली आहे. आधी २००५ मध्ये इंग्लंडात ऑक्सफर्ड-डरहॅम चाचणी झाली. हालचालींच्या समन्वयात अडचण असलेली ११७ मुलं, तीन महिने. हालचालींत फरक नाही, पण वाचन, स्पेलिंग आणि वागणुकीत सुधारणा दिसली. आशा वाटावी असंच होतं ते. पण पुढे काय झालं बघा. २००६ मध्ये डरहॅमच्या कौन्सिलने दहावीच्या वयाच्या हजारो मुलांना परीक्षेआधी वर्षभर गोळ्या द्यायचं जाहीर केलं. गोळ्या कंपनीच्या. आणि गोळी न देता तुलना करायला वेगळा गट? नाहीच! बेन गोल्डएकर या डॉक्टर-लेखकाने वर्तमानपत्रातून यावर रान उठवलं. सुमारे ३००० मुलांनी सुरुवात केली, नेमाने गोळ्या घेणारी उरली ८३२. आता मला सांगा, वर्षभर न चुकता गोळी घेणारं पोर अभ्यासही जरा नेमानेच करणार ना? आमच्याकडे असा टेस्ट रिपोर्ट कुणी आणला तर लीड त्याला मीटिंगमधून उठवेल.

नीट केलेली चाचणी म्हणजे ऑक्सफर्डची, २०१२ ची. वाचनात मागे पडलेली ७ ते ९ वर्षांची ३६२ निरोगी मुलं. अर्ध्यांना रोज ६०० मिलिग्रॅम डीएचए, बाकीच्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी, १६ आठवडे. एकूण गटात वाचनात फरक नाही. अगदी तळातल्या मुलांत थोडा दिसला, म्हणून त्याच संशोधकांनी फक्त तशी ३७६ मुलं घेऊन पुन्हा चाचणी केली. २०१८ मध्ये निकाल आला, आणि फरक गायब! (स्वतःच्याच निकालावर पुन्हा टेस्ट चालवायला दम लागतो. मानलं.) गंमत म्हणजे २०१२ च्या चाचणीत आईवडिलांना मुलांची वागणूक सुधारल्यासारखी वाटली होती, शिक्षकांना नाही.

आता डब्यांकडे या. ताईच्या ओट्यावर चॉकलेटी पावडरचाही डबा आहे, वर "डीएचए" असं ठळक. मागे बारीक अक्षरात एका ग्लासमागचं डीएचए वाचलं, तर आकडा दोन अंकी! ६०० ने जिथे काही हललं नाही तिथे हा चमचाभर काय करणार? साखर मात्र भरपूर. दोन वर्षांखालच्या बाळांच्या दुधाच्या पावडरची जाहिरात करायला आपल्याकडे कायद्याने बंदी आहे. मग जाहिरात दोन वर्षांच्या पुढे सुरू होते, एवढंच. आणि ती विकते काय? भीती. शेजारच्याचा मुलगा पुढे जाईल ही.

तिकडे ज्याचा मेंदूशी संबंध खरंच पक्का आहे त्या लोहाबद्दल कुणी बोलत नाही, कारण त्यात ग्लॅमर नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालच्या ६७ टक्के मुलांना रक्तक्षय निघाला. रक्त कमी असेल तर पोर वर्गात मरगळलेलंच दिसणार. साधी हिमोग्लोबिनची तपासणी... पण ती गोळीएवढी "स्मार्ट" वाटत नाही.

मासे खाणाऱ्यांनी बांगडा, तारली खावी, त्यात ओमेगा-३ भरपूर आणि खिशालाही परवडतं. न खाणाऱ्यांनी जवसाची चटणी, अक्रोड. त्यातल्या ओमेगा-३ चं शरीरात डीएचए फार थोडं होतं हे खरं, पण चटणी निदान चवीला छान असते. आणि वाढत्या पोराच्या भातावर चमचाभर तूप घाला हो. वजनाची काळजी असेल तर आधी ती पावडर आणि खारी-बिस्किटं बंद करा.

असो. भाच्याचं काय झालं ते राहिलंच. आठ महिने गोळ्या चालू होत्या. मग शाळेत डोळ्यांची तपासणी झाली आणि दोन्ही डोळ्यांना दीडचा नंबर निघाला. पोराला फळाच दिसत नव्हता! शेवटून दुसऱ्या बाकावर बसून काय उतरवून घेणार होतं ते? आठ महिने "लक्ष नाही, लक्ष नाही" म्हणून बोलणी खात होतं. चष्मा लागला, पंधरा दिवसांत वह्या पूर्ण.

ताईचं मत असं की गोळ्या लागू पडल्या, जरा वेळ लागला इतकंच. आणि चष्मा? "तो पण बरोबर लागला ना."

शनिवारी मी हे सगळं तिला ऐकवलं. ऑक्सफर्ड, डरहॅम, सगळं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग आणताना का नाही बोललास?"

पोराने मध्येच ताट पुढे करून तूप मागितलं, ते मिळालं. गोळीवर अजून चर्चा चालू आहे.