हद्दीआधी आखणी हवी

मा. संपादक यांस,


कोल्हापूरची हद्द वाढवावी की न वाढवावी, या वादापायी आजवर जितके मोर्चे निघाले आणि जितके 'बंद' पाळले गेले, त्याच्या शतांशानेही विचार त्या हद्दीपलीकडे प्रत्यक्ष काय उभे राहत आहे याचा झाला नाही, हे अत्यंत खेदाने नमूद करावे लागते. 1972 साली महापालिका झाली, तेव्हाची सुमारे 67 चौरस किलोमीटरची हद्द दप्तरी तशीच राहिली. वस्ती मात्र थांबली नाही, आणि पाचगाव, कळंबा, उचगाव ही नावापुरती मौजे उरून व्यवहारात उपनगरे झाली.

या भागांत बैलगाडीपुरती असलेली पाणंद हाच कित्येक घरांचा हमरस्ता होतो. समोरून पाण्याचा टँकर आला की दुचाकीस्वाराला कुंपणाला टेकून उभे राहावे लागते, आणि गटारच नसल्यामुळे मोरीचे पाणी शेजारच्या उसाच्या सरीत उतरते. गुंठा-दोन गुंठे घेणाऱ्या नोकरदाराचे नाव सामाईक सात-बाराला लागले तरी त्याला बांधकामाचा परवाना मिळेलच, असे नाही.

वास्तविक वस्ती कशी करावी, हे या नगरीस कोणी शिकवावयास नको. 1895 साली शाहू महाराजांनी शाहूपुरी वसविली व पुढे राजारामपुरी झाली, तेव्हा रस्ते आधी आखले गेले आणि घरे मागून आली. म्हणूनच आजही राजारामपुरीत 'आठवी गल्ली' एवढे सांगितले की परका मनुष्यही बिनचूक पोहोचतो.

घरफाळा वाढेल, शेतावर आरक्षण पडेल, ही ग्रामस्थांची भीती अनाठायी नाही. पण मैलापाण्याची तजवीज ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातून होणे नाही, हेही तितकेच खरे, आणि ते पाणी अखेर पंचगंगेतच जाते. म्हणून मी हद्दवाढीच्या बाजूचा आहे. तथापि 2017 मध्ये 42 गावांसाठी विकास प्राधिकरण स्थापूनही पाणंदी पाणंदीच राहिल्या असतील, तर केवळ अंमल बदलून काय साधणार? 2019 आणि 2021 च्या महापुरांत शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला. तरीही सखल जमिनीत भराव टाकणे थांबत नाही, याचा संताप येतो.

तरी शासनाने प्रत्येक गावाचा रस्ते, गटारे, ओढे व पूररेषा दाखविणारा नकाशा प्रथम ग्रामसभेपुढे ठेवावा, आणि त्याप्रमाणे जागेवर दगड रोवले जाईपर्यंत बिगरशेतीचा एकही नवा परवाना देऊ नये, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर