ना घरगुती, ना व्यापारी : वाफेच्या इस्त्रीबाबत आमचे मागणीपत्र

प्रति,
इस्त्री बनवणाऱ्या कंपन्या, सुरतेतील विक्रेते, आम्हाला काम देणारे व्यापारी व ठेकेदार, आणि संबंधित शासकीय अधिकारी

आम्ही लिंबायत, उधना, डिंडोली आणि पांडेसरा भागात घरी बसून शिवणकाम करणाऱ्या बायका. बहुतेकींचे माहेर-सासर जळगाव, धुळे, नंदुरबारकडचे. ताप्ती लाइनच्या गाडीत बसून आमची माणसे इथे आली. पुरुष लूमवर आणि मिलमध्ये गेले, आम्ही मशीनवर बसलो. रिंग रोडच्या मार्केटातल्या साड्यांचे फॉल-पिको, लेसपट्टी, ब्लाउज, आणि सीझन थंडावला की किलोवर मिळणाऱ्या चिंधीच्या गोधड्या. आमच्या आयांच्या गोधडीला इस्त्री लागत नसे. जुन्या लुगड्यांचे थर, वरून हाताचा धावदोरा, सुरकुती आली तर टाक्यात बसून जायची. आताच्या गिऱ्हाइकाला चौकोनाला चौकोन जुळलेला हवा असतो. तो जुळायचा तर प्रत्येक शिवण घातल्याबरोबर दाबून घ्यावी लागते. पुढची शिवण तिच्यावरून जाणार असते.

हे काम इस्त्री फिरवण्याचे नाही, दाबण्याचे आहे. इस्त्री उचलायची, शिवणीवर टेकवायची, वाफ सोडायची, उचलायची. फिरवली की तिरका कापलेला तुकडा ताणला जातो आणि चौकोनाचा पतंग होतो. त्यात सुरतेची चिंधी म्हणजे एक तुकडा सुती, शेजारचा पॉलिस्टरचा. इस्त्रीच्या चकतीवर एक ठिपका म्हणजे साधारण ११० अंश, दोन म्हणजे १५०, तीन म्हणजे २००. सुतीला तीन ठिपके चालतात. पॉलिस्टर दोनाच्या वर गेले की आकसते, चकाकते, आणि चुकीच्या जागी बसलेली घडी मग निघता निघत नाही. म्हणून आम्ही चकती दोनावर ठेवतो आणि सुतीचे काम वाफेवर सोपवतो. इथेच घोडे अडते. तळ पुरेसा तापलेला नसेल तर पाण्याची वाफ होत नाही, त्याचे थेंब पडतात. आत क्षार साचलेला असेल तर थेंब पिवळा पडतो. मोतिया रंगाच्या साटीनवर तसा एक थेंब पडला की तो ब्लाउज आमच्या मजुरीतून जातो.

गेल्या पावसाळ्यात आमच्यातल्या एकीची इस्त्री पाच महिन्यांत बसली. वॉरंटी दोन वर्षांची. दुरुस्ती करणाऱ्याने झाकण उघडले, आतला पांढरा थर नखाने खरवडला आणि कार्डावरच्या ओळीवर बोट ठेवले : फक्त घरगुती वापरासाठी. ‘ताई, तुम्ही तर धंदा करता.’ त्याच आठवड्यात ती मजुरी वाढवून मागायला गेली होती. तिथे उत्तर मिळाले होते, ‘घरबसल्या फावल्या वेळातले काम आहे, त्याला एवढी मजुरी कशी देणार?’ इस्त्री बिघडली की आम्ही धंदेवाल्या आणि मजुरी मागितली की घरातल्या बायका. दोन्ही बाजूंनी मार आम्हालाच. कारखान्यातली, वर बाटली टांगलेली इस्त्री घ्या, असे सांगणारे भेटतात. दहा बाय दहाच्या भाड्याच्या खोलीत, जिथे संध्याकाळी मशीन सारून अंथरुणे पडतात, तिथे ती बाटली टांगायची कुठे, हेही त्यांनीच सांगावे.

कायदा आम्हाला ओळखतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये ‘ग्राहक’ या शब्दाच्या व्याख्येतून व्यापारी वापर वगळला आहे. पण केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली आणि वापरलेली वस्तू व्यापारी वापराची मानायची नाही, असे स्पष्टीकरण तिथेच जोडले आहे. ते आमच्यासाठीच आहे. म्हणून आमची पहिली आणि मुख्य मागणी अशी : शिवणकाम करून पोट भरणाऱ्या बाईची वॉरंटी ‘घरगुती’ या एका शब्दावर नाकारू नये. कार्डावर तसे स्पष्ट छापावे. ते जमत नसेल तर निदान इस्त्री रोज किती तास चालवण्यासाठी बनवली आहे, हे डब्यावर लिहावे. विजेच्या इस्त्रीला भारतीय मानक ब्युरोचे प्रमाणन-चिन्ह सक्तीचे आहे, ते असावेच. पण त्या चिन्हावरून रोजचे सहा तास ती किती महिने सोसेल हे आम्हाला कळत नाही, आणि आमचे पैसे जातात ते नेमके तिथेच.

वस्तूबद्दल आमचे म्हणणे थोडक्यात : दोन ठिपक्यांवर न गळणारी वाफ हवी, तळाला जरा वजन हवे आणि क्षार काढता येईल असे तोंड हवे. आपोआप बंद होण्याची सोय आगीच्या दृष्टीने चांगलीच, तिला आमचा विरोध नाही. पण आम्ही एक शिवण घालतो, दाबतो, पुन्हा मशीनवर वळतो. पुढच्या शिवणीला हात लावावा तर इस्त्री गार पडलेली. उभ्या ठेवलेल्या इस्त्रीची ती वेळ वाढवता यावी.

पाण्याविषयी फुकटचे सल्ले पुष्कळ मिळतात. बोअरचे पाणी जड, त्याने वाफेची भोके बुजतात, हे आम्हाला कंपनीच्या आधी कळले. पण कुठले पाणी घालायचे हे पुस्तिकेत मराठी, गुजराती आणि हिंदीत, वाचता येईल एवढ्या अक्षरांत छापा.

सुटे भाग हवेत : वायर, थर्मोस्टॅट, पाण्याच्या टाकीचे रबर. दहा-वीस रुपयांच्या रबरासाठी अख्खी इस्त्री भंगारात घालायला लावू नये. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले. आमच्या गल्लीतल्या मिस्त्रीला भाग मिळू लागेल, तेव्हा ते आमच्यापर्यंत पोहोचले असे आम्ही म्हणू.

विजेचा हिशेबही मांडतो. १,६०० वॅटची इस्त्री २३० व्होल्टवर साधारण ७ अँपिअर ओढते. भाड्याच्या खोलीतला दिव्याच्या बोर्डावरचा प्लग असतो ६ अँपिअरचा. तो तापतो, काळा पडतो, आणि घरमालक आम्हालाच बोलतो. विक्रेत्याने पैसे घेण्याआधी हे सांगावे.

शासनाकडे एवढेच मागणे आहे की सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत शिंप्यांना अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आहे, तिच्यातून चांगली वाफेची इस्त्री घेता यावी. मशीनशिवाय शिंपी नाही, हे सगळ्यांना पटते. इस्त्रीशिवायही नाही, हे आमच्या कामाची उलटी बाजू बघितली की पटेल.

व्यापारी आणि ठेकेदारांना : पीसच्या दरात दाबाईचे पैसे वेगळे धरा. वीज आमची, पाणी आमचे, इस्त्री आमची, आणि डागाचे पैसेही आमचेच, हा हिशेब बंद करा. कापड आधीच डागी आले असेल तर माल उतरवतानाच बघून चिठ्ठीवर लिहा.

चर्चेला बोलवायचे असेल तर दुपारी २ ते ४ ही वेळ ठेवावी. सकाळी पाणी भरायचे असते, संध्याकाळी माल न्यायला टेम्पो येतो. कंपनीच्या माणसाने येताना नवी इस्त्री आणावी. साटीनचा पीस आम्ही आणू, पाणी आमच्या नळाचे असेल, आणि चकती दोन ठिपक्यांवर राहील.

आपल्या,
घरी शिवणकाम करणाऱ्या महिलांचे मंडळ, सुरत