सड्यावर सुरुंग लावण्याआधी

सह्याद्रीत किंवा कोकणात ज्यांची वडिलोपार्जित जमीन आहे, जे तिथे जागा शोधत आहेत आणि जे पावसाळ्यात घाट चढून फिरायला जातात, त्या सगळ्यांना ही कळकळीची विनंती आहे.

सडा म्हणजे उघडा कातळ, त्यावर जेमतेम बोटभर माती. सातबाऱ्यावर नोंद पोटखराब्याची. म्हणून ती जमीन वाया गेलेली, असं आपण धरून चालतो. पण पाऊस पडला की त्याच कातळावर गेंद, सीतेची आसवं, तेरडा, सोनकी फुलतात. उथळ पाण्यात वायतुरा डोलतो, आणि तो सह्याद्रीतल्या मोजक्याच सड्यांवर आढळतो. २००९ साली विज्ञानाला ज्ञात झालेला, जगात फक्त आंबोलीच्या आसपास सापडणारा एक भेक जांभ्यावरच्या डबक्यांत अंडी घालतो.

या जिवांपुढची अडचण समजून घ्या. हजार मीटर चढलं की तापमान साधारण सहा अंशांनी उतरतं. त्यामुळे हवा तापू लागली की डोंगरातले जीव वर सरकू पाहतात. हिमालयात त्यांना वर जागा आहे. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटरवरच संपतं. कास पठार सुमारे १,२०० मीटरवर आहे आणि तिथल्या रोपट्याच्या डोक्यावर आकाशच आहे. त्यात पाऊसही बेभरवशाचा झाला. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१७ साली दाखवून दिलं, की मध्य भारतात मोठ्या प्रदेशावर एकाच वेळी होणारी अतिवृष्टी १९५०पासून सुमारे तिपटीने वाढली आहे. डबक्यातली अंडी अशा पावसात वाहून जातात. लांबलेल्या उघडिपीत डबकंच आटतं.

हवामान एकट्या गावाला आवरता येणार नाही, पण जमीन आपल्या हातात आहे. तोडलेली झाडं पुन्हा लावता येतात. फोडलेला कातळ पुन्हा होत नाही. म्हणून सुरुंग लावून, बाहेरची माती भरून कलमांची बाग करायची असेल, तर आधी सडा सोडून दुसरी जागा बघा. घर बांधायचं तर मातीच्या जमिनीवर बांधा. सड्यावर वृक्षारोपणही करू नका. हेतू चांगला असला, तरी उघड्या उन्हात वाढणारी तिथली रोपटी सावलीत टिकत नाहीत. चांगलं गवत येईल या समजुतीने डोंगराला वणवा लावू नका आणि कुणी लावत असेल तर त्याला थांबवा.

फिरायला जाणाऱ्यांनी गाडी कातळावर चढवू नये, डबक्यांत पाय घालू नयेत. आंबोली घाटात पावसाळ्याच्या रात्री गाडी हळू चालवा, कारण भेक आणि बेडूक तेव्हाच रस्ता ओलांडतात.

गावकऱ्यांनी आणखी एक काम करावं. २००२च्या जैविक विविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायला हवी. येत्या ग्रामसभेत ती नोंदवही मागा. तिच्यात आपल्या सड्याचं नाव नसेल, तर तिथल्या झाडाफुलांची, बेडकांची माहिती जाणत्या गुराख्यांना विचारून लिहून घ्या. सडा विकायची किंवा खाणीला द्यायची वेळ येईल, तेव्हा तिथे काय जगतं हे सांगणारा कागद गावाकडे असलाच पाहिजे.