काचेचे सोळा घट

गावात तार येण्यापूर्वीही घरात वीज नांदू शके, हे आपल्या व्यवसायातील तरुण मंडळींना सांगितले की ती किंचित अविश्वासाने हसतात. कारण वीज म्हणजे खांब, रोहित्र आणि महिनाअखेरीचे बिल, असे समीकरण त्यांच्या मनात पक्के बसलेले असते. परंतु खोपोलीच्या जलविद्युतगृहातून मुंबईच्या गिरण्यांना १९१५ साली वीज मिळू लागली, त्याच्या दुसऱ्याच वर्षी अमेरिकेच्या ओहायो संस्थानातील डेटन शहरी ‘डेल्को-लाइट’ नावाचे जे घरगुती वीजयंत्र विक्रीस आले, त्याने मैलोगणती तारा ओढण्याचा प्रश्न बाजूस ठेवून शेतकऱ्याच्या तळघरातच एक लहानसे वीजघर मांडून दिले.

या यंत्रामागील चार्ल्स केटरिंग हा गृहस्थ स्वतः ओहायोतील शेतकऱ्याच्या घरी जन्मलेला. मोटारीपुढे उभे राहून हँडल मारण्याच्या जाचातून १९१२च्या कॅडिलॅक गाडीला ज्या विद्युत्-प्रारंभकाने सोडविले, तो त्याचाच. तीच युक्ती येथेही होती. कळ दाबली की घटमालेतील प्रवाह जनित्रात उलटा शिरे, जनित्र तेवढ्यापुरते मोटार बनून त्या एकाच सिलिंडरच्या, हवेने थंड होणाऱ्या, रॉकेलवर चालणाऱ्या इंजिनाला गती देई, आणि इंजिनाने आपला ठेका धरला की तीच मोटार पुन्हा जनित्र होऊन घटांचे उसने लगोलग फेडू लागे.

घट मात्र सोळा, प्रत्येकी दोन व्होल्टांचे, म्हणून एकूण दाब ३२ व्होल्ट. आणि ते काचेच्या बरण्यांत. इंजिनाची वाहवा सर्वांनी केली, पण आमच्या मते या व्यवस्थेचे अर्धे शहाणपण त्या काचेत होते. आतल्या शिशाच्या पट्ट्या, तळाशी साचणारा गाळ, पट्ट्यांच्या खाली उतरलेले पाणी, हे सारे मालकाला दिवा घेऊन पाहता येई. आजच्या काळ्या डब्याप्रमाणे घटाचे दुखणे घट मेल्यावरच कळावे, असा प्रकार नव्हता.

३२ व्होल्टांची किंमत मोजावी लागे ती तारेत. हिशेब जुनाच आहे, पण पुन्हा मांडतो. हजार फुटांस एक ओहम रोध असलेली तांब्याची तार घेऊन घरापासून शंभर फुटांवरील गोठ्यात ६४० वॉटचा भार चालवावयाचा म्हटल्यास प्रवाह वीस अँपिअर; जाऊन-येऊन तार दोनशे फूट, रोध ०.२ ओहम, म्हणजे चार व्होल्ट वाटेतच गेले, दाबाचा अष्टमांश बुडाला. तोच भार त्याच तारेवर २३० व्होल्टांनी नेला तर जेमतेम अर्धा व्होल्ट खर्ची पडतो. म्हणून यंत्र घराच्या मध्याशी, तार जाड आणि वाट आखूड, हा त्या जोडणीचा शिरस्ता होता. धुण्याच्या आणि इस्त्रीच्या दिवशीच इंजिन चालवावे, म्हणजे मोठा भार जनित्र परस्पर उचलते आणि घटांवर ताण येत नाही, हे त्या घरच्या बाईला कोणत्याही पदवीवाचून ठाऊक असे.

कोहलर कंपनीने १९२०मध्ये दुसरी तजवीज काढली : ११० व्होल्ट, घट केवळ इंजिन सुरू करण्यापुरते, आणि दिवा लावताच इंजिन आपोआप चालू. सोय मोठी खरी; पण मध्यरात्री आजारी मुलाच्या उशाशी एक दिवा लावावा आणि त्यासाठी तळघरातले सगळे धूड जागे व्हावे, ही ऐट आमच्या काटकसरी स्वभावास काही रुचत नाही.

पुढे १९३५ साली, अमेरिकेतील दहा शेतघरांपैकी एखाद-दुसऱ्याकडेच गावतारेची वीज असताना, अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या हुकुमाने ग्रामीण विद्युतीकरणाचे खाते निघाले, पुढल्या वर्षी कायदा झाला, आणि तार जसजशी शेतांत शिरली तसतशा ३२ व्होल्टांच्या इस्त्र्या, दिवे आणि मोटारी माळ्यावर गेल्या.

हे सारे आज उकरून काढण्याचे कारण, आपल्यापैकी कित्येक जण हल्ली वाड्यावस्त्यांवर सौर संच बसवितात आणि तेच लहान दाबाचे, घटांचे तंत्र नव्याने हाताळतात. गेल्या उन्हाळ्यात एका डोंगरवाडीवर आम्ही गेलो असता तेथील म्हाताऱ्या घरधन्याने मोठ्या निगुतीने बॅटरीची बुचे उघडून दाखविली. पाणी काठोकाठ होते, पण ते विहिरीचे. “पाणी कमी झालं की भरा, एवढंच सांगितलं होतं हो,” तो म्हणाला. कोणते पाणी, हे संच बसविणाऱ्याने सांगितलेच नव्हते, आणि दिव्याची तार तर घंटीला वापरतात तशी बारीक. कसूर म्हाताऱ्याची म्हणावी असे आम्हांस वाटेना. बिलात पॅनेल होते, बॅटरी होती, मजुरी होती. हायड्रोमीटर आणि डिस्टिल्ड वॉटरचा डबा यांची बाब कोठेही नव्हती.

तेव्हा पुढील अंकापासून लहान दाबाच्या एकदिश जोडणीवर एक सदर सुरू करीत आहोत. वाचकांनी स्वतः बसविलेल्या संचाचा नकाशा, तारेची लांबी व जाडी आणि भर उन्हात व पहाटे मोजलेला दाब, अशी माहिती महिन्याच्या वीस तारखेपर्यंत पाठवावी. फसलेल्या जोडण्यांची आधी छापू.