जास्तीचं बटण

पंख्यातली धूळ काढायची म्हणून गेल्या रविवारी लॅपटॉप पालथा घातला आणि तळाचे दहा स्क्रू काढून आमटीच्या वाटीत ठेवले. वाटी माझ्याच पायाने लवंडली. सात सापडले. उरलेल्या तिघांसाठी कोचाखाली बॅटरी मारून पाहिली, केर चाळला. हाती लागली ती पेनांची टोपणं.

तीन स्क्रूंनी काय अडतंय, असं मीही म्हणालो होतो. पण नेमका बिजागरीकडचा कोपरा मोकळा राहिला. पडदा उघडला की तळ कुरकुरत फाकायचा.

सर्व्हिस सेंटरात सांगितलं, सुटे स्क्रू येत नाहीत, खालचं अख्खं झाकण घ्या. पाचशेच्या शर्टालाही आतून एक जास्तीचं बटण शिवलेलं असतं हो! साठ हजारांच्या यंत्राला नाही.

मग तपकीर गल्ली गाठली. बुधवार पेठेतल्या या बोळात विजेचं काय मिळत नाही ते विचारावं. पहिल्याच दुकानात प्रश्न आला, ‘‘एमटू की अडीच?’’ मला ‘छोटा’ एवढंच सांगता येत होतं. एम म्हणजे मेट्रिक आणि पुढचा आकडा म्हणजे आट्यांसकट जाडी, मिलिमीटरमध्ये. दोनच्या स्क्रूला दोन आट्यांमधलं अंतर 0.4 मिलिमीटर, अडीचच्याला 0.45. डोळ्याला हा फरक दिसत नाही. प्लास्टिकात बसवलेल्या पितळी नळीला मात्र लगेच कळतो. बारीक स्क्रू घातला तर नुसता गरगरतो, जाड घालून जोर केला तर आतले आटे खातो.

जोसेफ व्हिटवर्थने 1841 साली ब्रिटनमध्ये आट्यांचं माप ठरवून देण्याचा प्रस्ताव मांडला. आट्यांचा गोंधळ पुढे बराच निवळला. डोक्यांचा कुठे निवळला? लॅपटॉपच्या स्क्रूचं डोकं पसरट आणि पातळ, झाकणाशी सपाट बसणारं. दुकानातल्या तयार डबीत शेकडो स्क्रू होते, पण डोकी सगळी टेंगळासारखी वर येणारी.

शेवटी एका माडीवर दुरुस्तीवाला भेटला. त्याच्याकडे गोळ्यांची जुनी बरणी होती, मेलेल्या लॅपटॉपच्या स्क्रूंनी भरलेली. मी नमुना म्हणून नेलेला स्क्रू त्याने चिमट्यात धरला, दुसऱ्या हाताने बरणीत ढवळलं.

‘‘कुठले गेलेत, काका? मागचे की पुढचे?’’

‘‘त्याने काय होतं?’’

‘‘मागचे लांब असतात, पुढचे आखूड. लांबडा पुढे पिळलात तर आत भोसकेल.’’

मी नेला होता तो पुढचा. म्हणजे त्याने विचारलं नसतं तर तिन्ही आखूड घेऊन आलो असतो. आट्यांवरचा निळा ठिपका मी रंग समजत होतो. तो नायलॉनचा, स्क्रू आपोआप सैल होऊ नये म्हणून. वरचेवर काढघाल केली की त्याची पकड जाते, हेही त्यानेच सांगितलं. त्याच्या बरणीतल्या निम्म्या स्क्रूंचे ठिपके झिजलेलेच होते. त्याने निवडून निवडून निळे काढले.

कागदाच्या पुडीत पाच निघाले.

‘‘मी तीन म्हणालो होतो.’’

‘‘हरवणारच ना परत,’’ तो म्हणाला आणि वीस रुपये घेतले.

तीन बसले. कुरकुर थांबली. उरलेले दोन आईच्या शिवणाच्या डब्यात टाकलेत, बटणांच्या कप्प्यात.