वजनकाट्याला न दिसणारी चरबी

माझी उंची १७० सेंटीमीटर, वजन ६९ किलो. बीएमआयच्या २५ या जागतिक मर्यादेनुसार मी निरोगी. भारतीयांसाठीच्या २३ या मर्यादेनुसार मात्र अडीच किलो जास्त. पण २३ हा आकडा तरी पुरेसा आहे का? पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच मापे मांडली. बीएमआय दोघांचाही २२.३, चरबी मात्र याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के, युडकिन यांच्या ९.१! (उंचीचा वर्गच का, घन का नाही, ही भौतिकशास्त्रज्ञाची कुरकुर वेगळीच.) म्हणूनच जानेवारी २०२५ मध्ये भारतीय तज्ज्ञांनी लठ्ठपणाच्या सुधारित व्याख्येत कंबरेच्या घेरालाही स्थान दिले, ते मला अधिक मोलाचे वाटते. पुरुषांसाठी ९०, स्त्रियांसाठी ८० सेंटीमीटर ही त्याची मर्यादा. शिंप्याची टेप त्यास पुरते. आरोग्य शिबिरांनी ती वजनकाट्याशेजारी ठेवावी.